लांब नळीची ती

माणूस स्वतःच्या सावधपणानं कुठवर बुडू शकतो, हे पाहायचं असेल तर चहा पुढं ओढा आणि ऐका. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. खड्डा मी खणला, जागा मी निवडली आणि उडीही मीच मारली.

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. शाळा सकाळची होती. दुपारी मी कळंबच्या घरी ओसरीवर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. आत नीलम्मा, माझी बायको, लोखंडी तव्यावर बुंद भाजत होती. बुंद म्हणजे कॉफीचे दाणे. ती उमरग्याकडची, कानडी बोलणाऱ्या घरातली. लग्नात तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या, कॉफी आणि तिचा धाकटा भाऊ लिंगप्पा. दोन्हींची सवय व्हायला मला वेळ लागला.

तव्यावरच्या बुंदाला धूर फार. घर भरून जायचं आणि नीलम्मा खोकत सुटायची. तो खोकला मला आवडत नव्हता. वैद्यांनी नाडी धरून बजावलं होतं, "मास्तर, धूर बंद करा. छाती बरी न्हाय त्यांची." मी तिला म्हटलं, कॉफी सोड. ती म्हणाली, "श्वास सोडीन."

तर त्या दुपारी असा खोकला चालू असताना येडशीहून येणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर दारात उभा राहिला. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणून म्हणाला,

"मास्तर, तुमचे मेहुणे येडशीच्या जकातनाक्यावर बसवून ठिवलेत. गोधडीत बंदूक घावली म्हणं."

माझ्या हातातली वही खाली पडली.

आता ही बंदूक कुठून आली, ते कळायला तुम्हाला दोन महिने मागं यावं लागेल.

आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, सोलापूर मात्र इंग्रजी मुलखात. लिंगप्पा सोलापुरात एका कापडदुकानात दिवाणजी होता. त्यानं कळवलं की इथं एका दुकानात घरी बुंद भाजायचं यंत्र मिळतं. धूर आतल्या आत राहतो. मी सुट्टी काढून गेलो.

यंत्रं दोन होती. एक परातीसारखं, रुंद तोंडाचं, वर झाकण आणि झाकणात फिरकी. दुसरं म्हणजे पत्र्याची लांब नळी. दुकानदार उत्साही माणूस. तो सांगू लागला, "हे नळीचं बघा. खाली घोडा, बाजूला दांडा. नळीत दाणे भरा, खाली निखारे घाला आणि लांब बसून दांडा फिरवा. एका बाराला पाव शेर."

"घोडा म्हणजे?"

"ज्याच्यावर नळी बसते ती तिवई."

"आणि बार?"

"एका वेळेला भरायचे दाणे. आमी बारच म्हणतो त्याला."

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. मी आंबा घेताना आधी विकणाऱ्याचा चेहरा बघतो. हा दुकानदार रुंद यंत्राची तारीफ करू लागला की मला वाटे, ते खपत नसणार. नळीची करू लागला की वाटे, नळीला भोक असणार. मी दांडा पन्नास वेळा फिरवला. नळीतून पलीकडचा उजेड पाहिला. शेवटी पाणी मागवून नळीत ओतलं आणि गळतंय का बघत बसलो.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्यात दाणे भाजायचेत. पोहायचे न्हाईत."

लिंगप्पा माझ्या मागं उभा राहून जोडे बघत होता.

दोन दिवस मी त्या दुकानात होतो. तिसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं घरी आलो.

नीलम्मानं माझे हात बघितले. "यंत्र?"

"विचार करतोय."

"मग दोन दिवस तिथं काय केलं?"

"विचारच."

 तिनं आत जाऊन तवा ठेवला आणि ती खोकायला लागली. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, नळीचंच घ्यायचं. लिंगप्पाला पत्र लिहायला बसलो.

इथं माझी अक्कल जागी झाली.

ते दिवस संशयाचे होते. हद्दीवर सामान उघडून बघत. टपाल फोडून वाचतात, असं लोक बोलत. आमचे पोस्टमास्तर मला बघून एकदा खाकरले होते, ते मी विसरलो नव्हतो. यंत्र असा शब्द लिहिला आणि कुणी विचारलं, कसलं यंत्र, तर? कॉफी लिहिलं आणि जप्त केली तर? म्हणून मी यंत्राला 'ती' करून पत्र असं लिहिलं की त्यातून कुणाला काहीही कळू नये. मजकूर मला पाठ आहे. पाठ का आहे, ते पुढं कळेल.

"चि. लिंगप्पास अनेक आशीर्वाद. आपण पाहिलेल्या दोहोंपैकी लांब नळीची ती घ्यावी. रुंद तोंडाची नको. घेण्यापूर्वी घोडा नीट बसतो ना, ते पाहावे. एका बाराला किती दाणे जातात ते दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये, स्वतः बार भरून पाहावा. आवाज झाला तरी चालेल, धूर दिसता कामा नये. गोधडीत गुंडाळून आणावी. वाटेत कोणी विचारल्यास तिचे नाव घेऊ नये. इकडे तुमची बहीण फार दिवस वाट पाहत आहे. काम झाल्यावर हे पत्र फाडून टाकावे."

मी ते दोनदा वाचलं आणि स्वतःवर खूश झालो. त्या क्षणी कुणीतरी येऊन माझ्या हातातला टाक काढून घ्यायला हवा होता.

आता परत त्या दुपारी या. ड्रायव्हर दारात, वही जमिनीवर.

तुम्हाला वाटेल, मला लगेच उलगडा झाला असेल. छे. माझ्या डोक्यात वेगळीच चक्रं फिरू लागली. लिंगप्पा रोज वर्तमानपत्र वाचतो. गेल्या वर्षी त्यानं मिशा वाढवल्या. मिशा कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. आता उत्तर मिळालं.

मी आत जाऊन नीलम्माला म्हटलं, "तुझ्या भावानं बंदूक आणली."

"माझा तम्मा?" धाकट्या भावाला ती तम्मा म्हणायची. "झुरळ दिसलं तर पाटावर चढतो तो. तो बंदूक आणंल?"

"म्हणूनच आणली असेल."

"तुमी त्याला यंत्र आणायला लावलं होतं न्हवं?"

"यंत्र वेगळं, बंदूक वेगळी."

"बघा हं. जरा इचार करा."

विचार करायला वेळ कुठं होता? घराची झडती झाली तर? मी लिंगप्पाची चार वर्षांची पत्रं काढली आणि चुलीत घातली. सगळ्या पत्रांत 'इकडे सर्व क्षेम' याखेरीज काही नव्हतं. पण त्या 'सर्व'मध्ये काय काय येतं, हे कोण सांगणार? बुंदापेक्षा त्या पत्रांचाच धूर जास्त झाला. नीलम्मा खोकत परसात गेली. परत आली ती लुगडं बदलून.

"चला," ती म्हणाली. "माझा भाऊ तिथं उपाशी बसला असंल."

त्याच मोटारीनं आम्ही येडशीला गेलो. वाटेत मी मनात जबाब तयार केला. नातं नाकारता येत नव्हतं, पण पातळ करता येत होतं.

नाका स्टेशनाजवळच होता. लिंगप्पा सकाळच्या गाडीनं उतरल्यापासून तिथल्या बाकावर बसलेला. मांडीवर रिकामी गोधडी. मला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"दाजी, काळजी करू नका. म्या नाव घेतलं न्हाय."

 "माझं नाव घ्यायचं कारणच काय?" मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

नाकेदार म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ होते. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "मास्टर, ये तुम्हारा साला?"

"आहे खरा," मी म्हटलं. "लग्नामुळं झालेलं नातं. याचं तिकडं सोलापुरात काय चालतं, मला कल्पना नाही. बंदुकीशी आमच्या घराचा काही संबंध नाही."

नीलम्मानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

नाकेदार म्हणाले, "सुबू से पूछ रहा हूं, ये नळी कायकी? बोलताच नई. बोलता, दाजी नाव लेनेकू मना किये. फिर जेब में ये खत मिला." त्यांनी कागद उघडला. मराठी त्यांना चांगली वाचता येत होती. सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते वाचू लागले.

"लांब. नळीची. ती. घ्यावी."

माझ्या अंगावर काटा आला. घोडा नीट बसतो ना, ते पाहावे. स्वतः बार भरून पाहावा. मनात म्हटलं, कोण हा माणूस? किती थंड डोक्याचा. आवाज झाला तरी चालेल, धूर दिसता कामा नये. हा तर जुना पापी दिसतो. असल्याला मोकळं सोडता कामा नये, असं माझं ठाम मत झालं. देवाशपथ सांगतो, मी मानही हलवली.

मग नाकेदारांनी कागद माझ्या बाजूला वळवला. अक्षर सुरेख होतं. वर्गात फळ्यावर रोज दिसतं तसं.

"ये खत किसका?" त्यांनी विचारलं.



नीलम्मा हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. हसता हसता तिला खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. लिंगप्पा घाबरून म्हणाला, "अक्का, नाव घेऊ नको हं."

"घेते की," ती म्हणाली. "साहेब, बुंद भाजायचं यंत्र हाय ते. कॉफीचं. थोडे निखारे द्या, दाखवते."

नाक्यावर चहासाठी शेगडी होतीच. नीलम्मानं घोडा मांडला, त्यावर नळी बसवली. लिंगप्पाच्या पिशवीत हिरवट कच्चे बुंद होते. ते भरून तिनं तोंड बंद केलं आणि लांब बसून दांडा फिरवायला लागली. नाकेदार, दोन शिपाई, ड्रायव्हर, सगळे वाकून बघत होते. मीही बघत होतो. तरी मनात एक बारीक शंका होतीच की हे खरंच तेच यंत्र आहे ना.

बराच वेळ नुसता खडखडाट. मग वास सुटला. आणि मग नळीच्या आतून एकदम आवाज झाला. तड. तड तड. तडतड तड.

मी टेबलाखाली गेलो.

बुंद तापले की फुटतात, हे मला माहीत होतं. रोज तव्यावर फुटत होते. पण त्या क्षणी ते ज्ञान कामाला आलं नाही. टेबलाखालून मला सगळ्यांचे पाय दिसत होते. एकही पाय हललेला नव्हता.

"मास्टर," वरून नाकेदारांचा आवाज आला, "बाहर आओ. कॉफी हो गई."

मी बाहेर आलो. कपडे झटकले. नाकेदारांनी यंत्र लिंगप्पाच्या स्वाधीन केलं. पत्र मात्र घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं.

"सामान ले जाओ. खत यहीच रहेगा. नवा शिपाई आया तो सुनाऊंगा." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "मदरसे में क्या सिखाते तुमे?"

 उत्तर नीलम्मानं दिलं.

"मराठी," ती म्हणाली. "त्यात पत्रलेखन धरून."

 परतीच्या मोटारीत कळंब जवळ आल्यावर लिंगप्पानं हळूच विचारलं, "दाजी, आता घरात तरी नाव घ्यायचं का न्हाय?"

यंत्र चांगलं निघालं. त्यात मला आजवर काही खोट सापडलेली नाही, आणि मी शोधत नव्हतो असं नाही. परसात बसून नीलम्मा दांडा फिरवायची. घरात धूर येईना. महिन्याभरात खोकला उतरला आणि पुन्हा कधी आला नाही. गेल्या साली ती गेली, ती वेगळ्या दुखण्यानं. वैद्य म्हणाले, छाती शेवटपर्यंत स्वच्छ होती.

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा सांगतोय. सांगायची ती. घरी पाहुणा आला, त्याच्या हातात कॉफी दिली, की सुरू. नाकेदारांच्या आवाजात पत्राचा मजकूर म्हणायची. तुमच्यासारखे लोक पोट धरून हसायचे. 'चि. लिंगप्पास' ऐकलं की मी चप्पल घालून दाराबाहेर जाऊन उभा राहायचो, मजकूर तिथंही कानावर यायचाच, आणि हसणं थांबलं की परत यायचो. इतक्या वर्षांत निदान शंभर वेळा तिनं ती सांगितली असेल.

मी एकदाही बसून ऐकली नाही.