नानांच्या पाच गाड्या

वसंतनानांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आपल्या वर्कशॉपच्या गच्चीवरून मोटरसायकलचा नवाकोरा सांगाडा खाली लोटत होते. माझी नुकतीच धुळ्याला टेलिफोन खात्यात बदली झाली होती आणि मी स्कूटर दुरुस्तीला नेली होती. हे काय चाललंय, असं विचारलं तर जिना उतरत नाना म्हणाले, "माणूस पडाना पहिले लोखंड पडू दे."

नानांचा धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्याचा, जोडीला किरकोळ दुरुस्त्या. एकदा पुण्याला मोटोक्रॉसची शर्यत पाहून आले. मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या हवेत उडताना पाहिल्या आणि त्यांनी ध्यासच घेतला. परदेशी गाडी मिळणं शक्य नव्हतं. मग जुन्या गाडीचं इंजिन, स्वतः वाकवलेले पाइप आणि लांब शॉकॲब्सॉर्बर, असं करत त्यांनी गाडी उभी केली. ऐंशीच्या दशकात त्यांच्या हातून अशा पाच गाड्या झाल्या. एक त्यांनी स्वतःकडे ठेवली, चार खानदेशातल्या हौशी पोरांनी नेल्या. स्कूटरच्या निमित्ताने माझं तिथे जाणं-येणं वाढलं आणि गाड्या चालवून बघायचं काम माझ्याकडे आलं. लळिंगच्या माळावर मी आपटलो, की नाना आधी माझे गुडघे बघत, मग गाडी.

एका सुट्टीच्या दिवशी नानांच्या स्वतःच्या गाडीवर उडीनंतर मला हँडल सैल वाटलं. नानांनी हँडलखालचा पाइप कापला. आतून बारीक चीर गेली होती. पाचही गाड्यांना पाइप तोच होता. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते गाड्या परत आणायला निघाले.

धरणगावच्या गाडीसकट तीन गाड्या लगेच मिळाल्या. चोपड्याला मात्र केळीच्या बागाईतदाराचा मुलगा प्रकाश शर्यतीआधी गाडी द्यायला तयार होईना. "नाना, उद्या जळगावले रेस शे. परवा मीच गाडी लई येस."

नाना अंगणात उभ्या गाडीवर जाऊन बसले ते उठेनात. प्रकाशच्या वडिलांना म्हणाले, "आबा, गाडी दुसरी व्हई. पोऱ्या दुसरा व्हई का?"

आबांनी उठून अंगणाचं फाटक उघडलं. मग म्हणाले, "लई जा." प्रकाश घरात निघून गेला.

धुळ्यात ती गाडी कापली, तर चीर अर्ध्या पाइपला वेढून गेलेली. नानांनी निरोप धाडून प्रकाशला बोलावलं. त्याने चिरेवरून बोट फिरवलं आणि तिथेच जमिनीवर बसला. नानांनी चहा मागवला. उन्हाळाभर खपून त्यांनी पाचही सांगाडे जाड पाइपचे नवे केले. पुढच्या वर्षी जळगावची शर्यत प्रकाशने मारली.

मग नाशिकहून, इंदूरहून माणसं गाडी मागायला येऊ लागली. नानांनी नकार दिला. "माले आते जोड नीट दिसत नही."

मी म्हटलं, "चांगला वेल्डर ठेवा की."

"नाव मन्हं आनि नजर दुसरानी? जमाव नही."

सहावी गाडी झाली नाही. पुढे काही वर्षांनी नाना गेले. त्या गाड्यांवरून पोरं पुष्कळ पडली, कुणाचा हात मोडला, कुणाचे दात गेले. सांगाडा तुटून मात्र कुणीच पडलं नाही.