खुरसाचे चणे आणि माझी उमेदवारी

मी आयुष्यात एकदाच निवडणूक लढवली. तिच्यात मला एक मत पडलं, आणि तेही माझं नव्हतं.

माझे पापा म्हापशाच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत ते घरी आणून पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचे. विलीनीकरण हवं, विलीनीकरण नको, कोकणी हवी, मराठी हवी, खाण बंद करा, खाण चालू ठेवा. बाहेर डोकी फोडणारे सगळे आमच्या ट्रंकेत गळ्यात गळे घालून झोपत. इतर मुलं गोष्टी ऐकून वाढली, मी ती ट्रंक वाचून वाढलो. त्यामुळे माझं बोलणंही पत्रकासारखंच. (जेवताना मी "बंधुभगिनींनो, मीठ द्या" म्हणतो, हा तियाचा आरोप मात्र खोटा आहे. एकदाच म्हटलं होतं.) तिया म्हणजे पापांची बहीण. माय गेल्यापासून घरात आम्ही तिघंच.

ट्रंकेतल्या सगळ्या पत्रकांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाला सरकारकडून काहीतरी हवं होतं. "सरकारा, तू जरा बाजूला सर" असं म्हणणारा एकही कागद नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी देवाने मला जन्माला घातलं, अशी माझी खात्री झाली.

"देवाने एदेन बागेत काय केलं?" मी तियाला समजावलं. "फळ खाऊ नका म्हणून सांगितलं. पण झाडाला कुंपण घातलं का? खाली पोलीस उभा केला का? माणसाला मोकळं सोडलं!"

"आणि खाल्लं ना तिनं?" तिया म्हणाली. "पोलीस असता तर आज आपण बागेत असतो मरे. डिचोलीत नव्हे."

गोवा घटक राज्य झालं तेव्हा बाजारात फटाके वाजले. मी एकटाच विचारत फिरलो, "सरकार जवळ आलं यात आनंद कसला? आता ते रोज येईल!" कोकणीवाल्यांनी मला टाकलं, कारण मी मराठीत लिहितो. (गावच्या शाळेत तेवढंच शिकवलं, माझा काय दोष?) मराठीवाल्यांनी टाकलं, कारण भाषेला सरकारी शिक्क्याची गरज नाही, असं मी त्याच मराठीत लिहिलं. चर्चबाहेर मी दिसलो की पाद्रीसाहेबांना एकदम कुठलंतरी काम आठवायचं. बोलायला उरली ती ट्रंक.

म्हणून पंचायतीला उभा राहिलो. जिंकायचं नव्हतं. आपल्यासारखं वाटणारं आणखी एक तरी माणूस या वाड्यावर आहे का, एवढंच बघायचं होतं. एक सापडलं असतं तरी संध्याकाळी पुलावर बसून बोलता आलं असतं.

पत्रक पापांनीच जुळवलं. त्यात तीन कलमं होती. एक: मतासाठी कोणी खायला, प्यायला किंवा दुसरं काहीही दिलं तर घेऊ नका. दोन: धर्म किंवा भाषा बघून मत देऊ नका. तीन: घरचा, नात्यातला म्हणून कोणाला मत देऊ नका. खाली ठळक अक्षरांत माझी सही, कारण निनावी पत्रक म्हणजे भ्याडपणा, हे मी लहानपणीच शिकलो होतो. चिन्ह मिळालं पाळणा. मी अविवाहित. लोकांना प्रचारात दुसऱ्या विनोदाची गरज पडली नाही.

माझ्याविरुद्ध रघूबाब. तीन वेळा निवडून आलेले पंच. मी त्यांच्याही घरी प्रचाराला गेलो. (कोणालाच वगळायचं नाही, असं तत्त्व होतं.)

"निवडून आलास तर काय करशील, मिंगेल?" त्यांनी विचारलं.

"काही नाही! पंचायतीनं लोकांच्या मधे मधे करायचं नाही, हाच माझा कार्यक्रम."

"काहीच करायचं नसेल तर मी आहेच की मरे! पंधरा वर्षं तेच करतोय."

पत्रकं मात्र कोणी घेईना. "ठेव बाबा, मागनं वाचू," म्हणत. माझा गठ्ठा घराच्या सोप्यावर जसाच्या तसा पडून राहिला.

अशात आमच्या दारच्या खुरसाची, म्हणजे क्रुसाची, लदीन आली. ही प्रार्थना दरवर्षी तिया करते. वाड्यावर ख्रिस्ती घरं दोनच, पण लदीन संपताना हिंदू शेजारीही यायचे, कारण प्रार्थनेनंतर खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे वाटले जायचे, आणि मोठ्यांना घोटभर फेणी. त्या दिवशी मी पलीकडच्या वाड्यावर प्रचाराला गेलो होतो (दारं बंद होती), म्हणून घरी पोचायला उशीर झाला.

वळणावरून पाहिलं आणि जागीच उभा राहिलो. खुरसासमोर सगळा वाडा जमला होता. आणि प्रत्येकाच्या हातात माझं पत्रक! रघूबाबांच्या हातात पत्रक, त्यांच्या बायकोच्या हातात पत्रक, खाणीवर ट्रक चालवणाऱ्या सावंतवाडीच्या माणसाच्याही हातात पत्रक! शेवटी वाचतायत, म्हटलं. शेवटी!

जवळ गेलो तेव्हा दिसलं, की ते चावतायत.

"तिया! हे काय केलंस?"

"मी काय करू? रद्दीला वाळवी लागली. तुझे कागद करकरीत पडलेले. पुड्या छान झाल्या हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामलेदार कचेरीतला कारकून स्कूटरवरून आला. कोणीतरी तक्रार केली होती: उमेदवारानं मतदारांना चणे आणि दारू वाटली, वर प्रत्येक पुडीवर स्वतःचं नाव! पुरावा त्यानं खिशातून काढून टेबलावर पसरला. तेलाचा डाग नेमका पहिल्या कलमावर पडला होता. 'खायला' या शब्दाला चण्याचं साल चिकटलेलं होतं.

माणूस भला होता. "बाब, चणे खुरसाचे होते, एवढं लिहून द्या. मी जातो."

दुसरा कोणी असता तर लिहून मोकळा झाला असता. पण मी!

"चणे कोणाचे, हे विचारणारं सरकार कोण? माणसानं शेजाऱ्याला आपले चणे द्यावे, न द्यावे!"

"म्हणजे तुम्ही दिले?"

"दिले नाहीत. पण दिले असते तरी..."

"हळू सांगा," म्हणत त्यानं लिहून घेतलं, "दिले... असते..."

"मिंगेल, गप्प रे!" आतून पापा ओरडले. तियानं कपाळाला हात लावला. उमेदवारी जाणार, हे मलाही दिसत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. तेवढ्यात रघूबाब अंगणात आले.

"काय चाललंय? चणे मी पण खाल्ले. दोन पुड्या. मग लिहा, उमेदवारानं विरोधी उमेदवारच फोडला म्हणून!"

कारकून हसला. तियानं उरलेले चणे त्याच्यापुढे ठेवले. ते संपवून, कागद घडी करून तो गेला. मी रघूबाबांवर उसळलो. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?"

"सवय, बाबा," रघूबाब म्हणाले. "पंच आहे ना."

मतमोजणीला तोच कारकून होता. रघूबाबांच्या मतांचा गठ्ठा दोरीनं बांधावा लागला. मग त्यानं एक मतपत्रिका उजेडात धरली.

"ही बाद. शिक्का पाळण्यावर आहे, पण खाली सही केलीय. 'आपला नम्र, मिंगेल.'"

सभागृहातला हशा अजून माझ्या कानात आहे. काय करणार? निनावी काही द्यायचं नाही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं!

"आणि पाळण्याला वैध मत," कारकुनानं सांगितलं, "एक."

एक! मी उड्या मारतच घरी आलो. घरात तीन मतं, त्यांतलं माझं बाद. म्हणजे दोघांपैकी एकाचं!

"पापा, तुम्ही ना?"

पापांनी चष्मा काढला. "मी रघूबाबांना दिलं. तिसरं कलम. घरचा म्हणून देऊ नका. मी स्वतः जुळवलंय, अक्षर न् अक्षर."

"तिया?"

"या तुझ्या पापानं मला वाचून दाखवलेलं," तिया म्हणाली. "आणि रघूबाबानं नळ दिलाय."

माझं पत्रक मनापासून पाळणारी गावात दोनच माणसं निघाली, आणि ती माझ्याच घरात!

पण मग ते एक मत कोणाचं? पुढचं वर्षभर मी सगळ्या वाड्याशी हसून वागलो. कोणास ठाऊक, हाच असेल! पोदेराकडून पाव घेताना त्याच्या डोळ्यांत बघायचो. (त्यानं उधारी बंद केली.) संध्याकाळी पुलावर बसायचो आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवायचो. वर्षभर तिथं एक कुत्रं बसलं.

पुढच्या लदीनीला रघूबाब आले. यंदाच्या पुड्या वर्तमानपत्राच्या होत्या. ते माझ्याशेजारी टेकले आणि चणे चावत सहज म्हणाले, "ते मीच टाकलं मरे."

"काय?"

"तुझं मत. मी निवडून येणार, याची खात्रीच होती रे. म्हटलं, पोर उन्हातनं एकटंच हिंडतंय. एक तरी पडू दे."

त्यांनी आपल्या पुडीतले अर्धे चणे माझ्या हातावर ओतले. आम्ही दोघं बराच वेळ चावत बसलो. त्या वर्षात माझ्याशेजारी माणूस बसल्याची ती पहिलीच वेळ होती.

पण तत्त्व ते तत्त्व! पुढाऱ्यानं फुकट दिलेलं काही ठेवायचं नाही, असं माझंच पहिलं कलम सांगतं. सकाळीच मामलेदार कचेरी गाठली आणि मत परत करायचंय म्हणून सांगितलं. तशी खिडकी नाही म्हणाले. म्हणून सध्या मी नवं पत्रक लिहितो आहे: सरकारनं अशी खिडकी तातडीनं उघडावी, आणि तिथं एक पूर्णवेळ कारकून नेमावा.