बाबांच्या शोकसभेत सनई चालत नाही म्हणे

आज संध्याकाळी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बाबांची शोकसभा झाली. आत्ताच घरी आलेय, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

बाबा सनई वाजवायचे. आई गेली तेव्हा ते कुणासमोर रडले नाहीत. रोज पहाटे तिच्या फोटोसमोर बसून भैरव वाजवायचे. त्याचंच रेकॉर्डिंग मी आज लावलं.

लगेच काका उठून आले. "अगं, बंद कर ते! सनई मंगलकार्याची. अशा वेळी लावतात का? लोक काय म्हणतील?"

त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर कसलीतरी ध्यानाची बासरी लावली. सगळे डोळे मिटून बसले. आणि मध्येच गादीची जाहिरात सुरू झाली! तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

मग माझी सटकली. मी बाबांची सनई पुन्हा लावली, फुल आवाजात. काका माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "काका, तुमच्या लग्नात दिवसभर कोण वाजवत होतं?"

काकांनी आपला मोबाइल खिशात घातला.

आता तुम्हीच सांगा यार, आयुष्यभर सनई वाजवणाऱ्या माणसाला निरोप कशाने द्यायचा? गादीच्या जाहिरातीने?