बोर्डावर नाकाचं काही लिहिलेलं नव्हतं

आमच्या औंढ्याच्या गल्लीत बाजारातून कुणी काय आणलं, हे पिशवी दारात टेकायच्या आत मला कळतं. लोक मला चौकस म्हणतात. म्हणू द्या! चौकस नसते तर शेजारच्या सरूबाईंचे एवढे किस्से माझ्याकडे साचले असते का?

*

समोरच्या पाटील सरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून टरबूज निवडलं. कानाला लावलं, टकटक वाजवलं, डोळे मिटले.

विक्रेता म्हणाला, “सर, रेंज येऊन राहिली का?”

घरी कापलं तर आत पांढरंफटक! सरूबाई म्हणाल्या, “जमिनीला टेकलेली बाजू पिवळी पाहून घ्यावं, सर. तो व्हिडिओवाला काय तुमच्याकडं जेवायला येऊन राहिला?”

*

एकदा सरूबाईंच्या लेकानं केळी आणली. अंग पिवळंधमक, देठ हिरवे; म्हणजे पावडर लावून पिकवलेली. सरूबाई ती घेऊन तशाच बाजारात गेल्या.

केळीवाला म्हणाला, “खाल्ल्याबिगर काहून नावं ठेवता?”

“मंग तूच खा. आमी थांबतो.”

चार गिऱ्हाइकांसमोर त्यानं एक सोललं. तोंड पार आवळलं! लगेच दुसरी फणी काढून दिली.

*

मागच्या उन्हाळ्यात सरूबाई तापानं पडल्या आणि नेमकी त्यांच्या लेकीची सासू हट्टा गावाहून आली. खरबूज लेकानं आणलं होतं. विहीणबाईंनी फोड चावली आणि भरल्या घरात म्हणाल्या, “काकडी बरी आहे हो!”

सरूबाई हसल्या. पण उठून चहा करायला गेल्या आणि चुकून दोनदा साखर घातली.

*

यंदा विहीणबाई पुन्हा येणार होत्या. मी अर्थातच सरूबाईंसोबत बाजारात. खरबुजांच्या गाड्यावर नवा बोर्ड: ‘फळाला हात लावू नये’.

सरूबाईंचा हात पुढं जाताच गाडेवाला खेकसला, “मावशी, वाचता येत न्हाई का?”

“येतंय की! नाकाचं कुठं लिवलंय?”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले, वाकल्या आणि एकेका खरबुजाचा देठ हुंगायला लागल्या. मग मी वाकले. मग गल्लीतल्या तिघीजणी. मग अनोळखी बायकाही! आमच्या देवळात दर्शनाला आलेल्या एका पाव्हण्यानं चप्पल काढत विचारलं, “इथं कोणता देव आहे?”

गाडेवाल्यानं हात जोडले. “मावशे, लाव हात!”

“न्हाई. बोर्ड हाय ना.” त्यांनी नाकानंच एक दाखवलं.

संध्याकाळी विहीणबाईंनी पहिली फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला हात घातला, तशा सरूबाई म्हणाल्या,

“काकडी अजून कापू का, विहीणबाई?”