बडोद्याचे पाहुणे

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत दाढी करत होतो. फोन जयंतीभाईंचा होता. "बापूभाई, आपणा दत्ताभाई..." एवढं बोलून ते थांबले, आणि पुढचं मला कळलं. आदल्याच संध्याकाळी तो माझ्या घरी येऊन माझा रंधा घेऊन गेला होता आणि पात्याला धार नाही म्हणून जाताजाता चार शब्द सुनावूनही गेला होता. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. याला आता पाच आठवडे होतील. रंधा त्याच्याच घरी आहे. तो मागायला जायची माझी छाती होत नाही.

दत्ताराम साळुंखे आणि मी बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात एकाच दिवशी सुतार म्हणून लागलो आणि एकाच वर्षी रिटायर झालो. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे दांडिया बाजारातल्या आपल्या तीन खोल्यांना तो किल्ला समजत असे. हट्टी तर इतका, की डब्याच्या खिडकीची चौकट एका सुताने तिरकी बसली तरी सगळी उचकटून पुन्हा बसवायला लावायचा. आमचं त्यावरून किती वेळा वाजलं असेल याची गणतीच नाही. मग त्याच्या घरी शालिनीवहिनी चहा पुढे ठेवत आणि म्हणत, "भांडण राहिलं असेल तर आधी ते संपवा, चहा पुन्हा गरम करीन." त्याच वहिनी काही वर्षांपूर्वी विसरायला लागल्या. आधी गॅस बंद करायला, मग नातवाचं नाव, आणि एकदा भाजी आणायला गेल्या त्या चार तास सापडल्या नाहीत. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. मुलगा मिलिंद पुण्याला असतो, तो दोघांनाही तिकडे बोलवत होता. दत्ता म्हणाला, "तिला बडोद्यातली गल्ली आठवत नाही, पुण्यातली कुठून आठवणार?"

जयंतीभाईंची लाकडाची वखार होती, तेव्हापासूनची आमची ओळख. त्यांनी भागीदारीत एक चार मजली अपार्टमेंट बांधलं होतं. भागीदारांचं फाटलं, आणि ती बिल्डिंग कितीतरी वर्षं तशीच बंद पडून राहिली. त्यांच्या आईला, म्हणजे बांनाही हाच आजार. डॉक्टरांच्या बाकावर दोघं शेजारी बसले असताना दत्ताने सहज विषय काढला, की तुमची बा आणि माझी बायको एका घरात राहिल्या तर सांभाळणाऱ्या बायका दोघींना मिळून पुरतील, आणि त्यांनाही सोबत होईल. जयंतीभाई म्हणाले, "आम पण खाली ज पड्युं छे, दत्ताभाई. कबूतर रहे छे, तो माणस केम न रहे?" रिकामीच पडलीय, कबुतरं राहतात तर माणसं का नाही राहणार, असं. झालं. दुसऱ्या दिवशी दत्ता माझ्या दारात टेप घेऊन उभा. खालच्या मजल्यावरच्या चार फ्लॅटमधल्या भिंती आम्ही पाडून घेतल्या, मधे मोठं स्वयंपाकघर केलं, संडासाचे उंबरे काढले, जिन्याला फाटक बसवलं. आठ माणसं राहायला आली. कुणी मराठी, कुणी गुजराती. दिवसा सगळे मिळून मटार सोलायचे, एकमेकांना तेच तेच प्रश्न विचारायचे, आणि एकाचाही कुणाला राग येत नसे.

अडलं ते दारांपाशी. अपार्टमेंटची दारं, सगळी एका मापाची, एका रंगाची. बा रोज दुसऱ्याच कुणाच्या पलंगावर जाऊन झोपायच्या. रेल्वेवाल्याचं डोकं ते, दत्ताने आधी प्रत्येक दारावर डब्यासारखे मोठे नंबर रंगवले. ज्यांना स्वतःचं वय आठवत नाही त्यांना नंबर काय आठवणार... मग त्याला सुचलं, की प्रत्येकाच्या जुन्या घराचं दारच आणून त्याच्या खोलीला बसवायचं. घरोघर फिरून त्याने दारं मिळवली. काही माळ्यावर होती, काहींचे फक्त फोटो होते, ती आम्ही दोघांनी वरच्या मजल्यावर बसून नवी केली. आणि ते जमलं. बांनी पितळी फुलांचं आपलं दार पाहिलं, उंबऱ्याच्या जागी हात लावून नमस्कार केला आणि सरळ आत गेल्या. जयंतीभाई भिंतीकडे तोंड करून रडले.

वहिनींसाठी दत्ताने स्वतःच्या घराचं दार काढून आणलं. सागवानी, दोन माणसांनाही उचलेना असं. दांडिया बाजारातल्या किल्ल्याला प्लायवूड लावलं. पण वहिनी काही आत जाईनात. रोज दाराशी यायच्या, पदर सावरायच्या आणि उभ्या राहायच्या. दत्ता म्हणाला, "शालू, आत चल, आपलंच घर आहे." तर त्या हळूच म्हणाल्या, "लोकांचं घर आहे. न विचारता कसं जाऊ?" तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. पंचेचाळीस वर्षं बाई त्या दारातून ये-जा करत होती. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हरलेला पाहिला.

मी घरी येऊन हे सांगितलं तर माझी बायको सुमन कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, घर तिचं शोधताय आणि दार स्वतःचं लावताय. तिचं माहेर कुठलं?" दोन म्हातारे सुतार, उभा जन्म दारं बसवण्यात गेला, आणि एवढं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

वहिनींचं माहेर बडोद्याच्या उत्तरेला, सावली गावात. वडील तिथे शाळामास्तर होते. दत्ता आणि मी स्कूटरवरून गेलो. घराच्या जागी स्लॅबचा बंगला उभा होता. दाराची फळी केव्हाच चुलीत गेली होती, पण साखळीची कडी मात्र वहिनींच्या भाच्याने गोठ्याला लावून ठेवलेली. ती दत्ताने मागून घेतली. परत येताना स्कूटरवर ती त्याने खिशात न ठेवता मुठीत धरली होती. भाच्याने सांगितल्याप्रमाणे निळं दार केलं, त्याला ती कडी ठोकली. वहिनी आल्या. डाव्या हाताने दार थोडं पुढे ओढलं, उजव्याने कडी काढली, असं करावं लागतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. "आई, आले गं," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार आमच्या तोंडावर लागलं.

तेव्हापासून दत्ता त्यांच्या लेखी पाहुणा झाला. रोज चार वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि कडी वाजवायचा. वहिनी दार उघडून विचारायच्या, "कोण पाहिजे?" तो म्हणायचा, "बडोद्याहून आलोय." मग त्या म्हणायच्या, "या, आत या," आणि गूळ-पाणी पुढे ठेवून समोर खाली मान घालून बसायच्या. ती बसलीय ते गावच बडोदं आहे, हे तिला सांगावं असं कधी वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "बघायला गेलो होतो तेव्हा मास्तरांनी दहा मिनिटं बसू दिलं होतं. आता रोज तासभर बसतो." आणि हसला. मग म्हणाला, "तिला घर मिळालं रे बापू. पण त्यात मी नाही."

तो गेल्यावर वहिनींना सांगायचं की नाही यावर आमचा वाद झाला. मिलिंद म्हणाला, आईचा तो हक्क आहे. त्याचंही खरं होतं. तो त्यांच्याजवळ बसला, हात हातात घेऊन म्हणाला, "दत्ताराम साळुंखे गेले, आई." वहिनींनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरी कोण कोण आहे?" मिलिंद उठून स्वयंपाकघरात गेला. कुंकवाचा विषय मग कुणी काढला नाही.

पण तिथल्या सांभाळणाऱ्या बायका सांगू लागल्या, की चार वाजले की वहिनी दारामागे येऊन उभ्या राहतात, कडीचा आवाज येत नाही, तरी हलत नाहीत. म्हणून परवा मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि माझ्या मागे पॅसेजमध्ये पाहिलं.

"बडोद्याचे पाहुणे नाही आले?"

"नाही आले," मी म्हणालो.

त्यांनी मला आत बसवलं. गूळ-पाणी दिलं. दोन वाट्या आणल्या होत्या, एक माझ्यापुढे ठेवली, दुसरी रिकाम्या खुर्चीपुढे. वारा येत होता म्हणून मी दार लोटायला उठलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या. "ते बाहेरच उभे राहतात. आत या म्हटल्याशिवाय येत नाहीत."