पप्पांनी देवाच्या वतीने दिलेला शब्द

मे महिन्यात आमच्या अंधेरीच्या गावठाणात रोज संध्याकाळी खुरिसापाशी, म्हणजे चौकातल्या क्रुसापाशी, लदीन व्हायची. लदीन म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. ती झाली की उकडलेले चणे वाटायचे आणि त्याआधी पप्पा चार शब्द बोलायचे. चर्चमधल्या फादरचं इंग्रजी म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जायचं, म्हणून मराठी प्रवचनाचा मान पप्पांकडे. बोलायचेही झकास. विषय मात्र ठरलेला. बायबलातला अब्राहाम म्हातारा झाला होता, मूल होण्याची आशा नव्हती, तरी ज्या देवाने मुलाचं वचन दिलं तो ते पाळायला समर्थ आहे, हे त्याने धरून ठेवलं.

त्या वर्षी आई अर्धांगवायूने खाटेवर होती. मी दिवसभर ऑफिसात टायपिंग करायची आणि घरी येऊन तिला पुसायची, भरवायची, ओल्या चादरी धुवायची. कंबर मोडून जायची. पप्पा सांताक्रूझहून कामावरून आले की चहा घेऊन थेट खुरिसाकडे. आईच्या खोलीत ते दारातूनच डोकावायचे. मला अब्राहामाचा भयंकर राग यायचा.

एका संध्याकाळी बोलता बोलता पप्पांना भरून आलं आणि ते म्हणाले, "शेवटच्या लदीनीला माझी बायको आपल्या पायानं इथं येईल. देवाचा शब्द हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावठाणातल्या बायका घरी यायला लागल्या. कुणी आईचा पाय दाबून बघे, कुणी बोटं हलतात का विचारी. आई भिंतीकडे तोंड करून पडायची. देवाने आपल्याला तोंडघशी पाडू नये म्हणून पप्पा उपास करत होते. आईला काय वाटत असेल, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, मला फक्त झोप हवी होती.

शेवटच्या दिवशी पप्पा तिचं लाल लुगडं घेऊन आत आले. बाहेर माणसं जमली होती. त्यांनी तिच्या काखेत हात घातले.

"सोड मना," आई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "देवानं कदी सांगितलं, मी चालंन? तूच बोललास ना?"

पप्पांनी हात काढून घेतले.

"लग्नात आल्तारासमोर तू मना शब्द दिलेलास. आजारपणात जवळ राहीन म्हणून. त्याचं काय रे?"

बाहेर लदीन सुरू झाली. पप्पांना दोनदा हाक आली. ते गेले नाहीत, खाटेच्या कडेवर खाली मान घालून बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिला न उठवता चादर कशी बदलतात गं?"

मी एकदा दाखवलं आणि तिथंच फरशीवर आडवी झाले.