शनिवारची काळी पिशवी

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाल्यापासून ट्रूडी आणि तिचा धाकटा भाऊ कोबी यांच्यात बोलणं नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे तिचं गाव ओबरमाट, पलीकडे त्याचं ब्रुनवील. मग ब्रुनवीलनं घरच्या कचऱ्यावर कर बसवला; ओबरमाटमध्ये तो नव्हता. विकतचं तिकीट चिकटवल्याशिवाय पिशवी उचलली जाईना. त्याच आठवड्यात कोबी दारात उभा, हातात काळी पिशवी.

"तुझ्या डब्यात जागा असेल ना?"

"आहे. आत ये, कॉफी टाकलीय."

तेव्हापासून तो दर शनिवारी येऊ लागला. आधी पिशवी डब्यात, मग स्वतः टेबलाशी. नवरा गेल्यापासून ट्रूडीचं घर मुकं झालं होतं. ते शनिवारपुरतं बोलू लागलं. पण हा माझ्यासाठी येतो की डब्यासाठी, हे विचारायची तिची छाती होईना.

ब्रुनवीलचा कचरा आसपासच्या गावांत जिरू लागला, तशी ती गावंही एकेक करून तिकिटावर आली. आता पाळी ओबरमाटची.

ग्रामसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. मतदान हात वर करून, आणि हात मोजायला सभेतलीच माणसं. डावीकडच्या रांगा मोजायचं काम नेहमीसारखं ट्रूडीकडे आलं. मताचा हक्क नसलेल्या बाहेरच्यांच्या खुर्च्या भिंतीशी होत्या. तिथे तिला कोबी बसलेला दिसला.

गवळी सेप उठला. "शनिवारी काही गाड्या गावात जड येतात नि हलक्या होऊन जातात. तो कचरा उचलायचा खर्च मी का भरायचा? माझा का तो भाऊ आहे?"

हशा पिकला. ट्रूडीचे कान तापले. सेपचं चुकत नव्हतं, तेच जास्त लागलं.

कराच्या बाजूचे हात मोजले, विरोधातले मोजले. अध्यक्षांनी बेरीज केली, पुन्हा केली.

"बरोबरी आहे. ट्रूडी, स्वतःचं मत धरलंस का?"

"नाही."

"मग कुठे धरू? मत द्यायचं नसेल तर तसं सांग, निकाल मी देतो."

सगळ्या माना वळल्या. कोबी तेवढा बुटांकडे पाहत होता. विरोधात गेलं तर शनिवार टिकतील. आणि दर शनिवारी कॉफी ओतताना तोच प्रश्न गिळावा लागेल. तिनं हात वर केला.

"कराच्या बाजूला."

बाहेर कोबी गाडीपाशी थांबला होता. "केलंस ना शेवटी."

"पुढच्या लिंडन गावात अजून कर नाही," ट्रूडी म्हणाली. आवाज तिचा तिलाच कोरडा वाटला. "पिशवी तिकडे नेत जा."

त्यानं किल्ली उगाच फिरवली. "लिंडनमध्ये मला कॉफी कोण पाजतंय?"

ट्रूडीनं त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं.

"आणि त्या कॉफीत साखर जरा कमी घाल," गाडीत बसत तो म्हणाला. "इतके दिवस मुकाट्यानं पितोय."